शिंपल्यातली चांदी आणि १४४ मेगाहर्ट्झ

घरच्या घरी व्हीएचएफ रिसीव्हर बांधायचा म्हटले की पहिला खल चिपवरून सुरू होतो. जुन्या रेडिओत कॉइल, गँग कंडेन्सर आणि डिटेक्टर आपापली कामे करत. आता अँटेनाने पकडलेली लहर शक्य तितक्या लवकर आकड्यांत बदलायची आणि ट्यूनिंगपासून आवाज काढण्यापर्यंतचे उरलेले सगळे काम प्रोग्रॅमवर सोपवायचे, अशी रीत आहे. ३० ते ३०० मेगाहर्ट्झच्या या पट्ट्यातला शेजार मोठा विजोड. ८८ ते १०८ मध्ये एफएम केंद्रे ठाण मांडून बसलेली, त्यांतली कित्येक दहा-दहा किलोवॅटची. ११८ ते १३७ मध्ये वैमानिक आणि नियंत्रण कक्ष यांचे बोलणे. १४४ ते १४६ मध्ये हौशी रेडिओवाले, त्यांचे काही वॅटचे हँडसेट आणि त्याहूनही क्षीण असे उपग्रहांचे बीकन. शहरातल्या गच्चीवरच्या अँटेनाला एफएम केंद्राकडून मिळणारी शक्ती आणि उपग्रहाकडून मिळणारी शक्ती यांत शंभर डेसिबलचे, म्हणजे एक हजार कोटी पटींचे अंतर सहज असू शकते. हा सगळा मेळा ज्या दारातून आत शिरतो आणि आकडा होऊन बाहेर पडतो, ते दार म्हणजे चिप. म्हणून बिट किती, पट्टा केवढा, किंमत काय, अशी तुलना सुरू होते. माझे म्हणणे असे की हा प्रश्न दरपत्रकाचा कमी आणि प्रमाणशास्त्राचा जास्त आहे. कोणती चिप खरे ऐकवते, हे विचारून हाती फारसे लागत नाही. प्रत्येक चिप आपल्या पद्धतीचे खोटे ऐकवतेच. तिचे खोटे कोणत्या जातीचे आहे आणि ते पकडायला तिने आपल्यासाठी एखादी फट ठेवली आहे का, एवढेच विचारण्याजोगे आहे.

भ्रमाच्या जाती लावण्याचे काम आपल्याकडे शतकानुशतके चालले. त्याला ख्यातिवाद म्हणतात, आणि त्याचा नेहमीचा दाखला म्हणजे उन्हात चमकणारा शिंपला, जो दुरून पाहणाऱ्याला चांदी वाटतो. नैयायिक म्हणतात, चांदी खरीच आहे, फक्त ती इथे नाही. सोनाराच्या दुकानातली चांदी या जागेवर दिसली. ही अन्यथाख्याती. प्रभाकराचे अनुयायी म्हणतात, इथे खोटे ज्ञान झालेच नाही. ‘हे’ असे समोरच्या वस्तूचे ज्ञान खरे, ‘चांदी’ ही आठवण खरी, चुकले ते एवढेच की दोन्हींतला भेद ध्यानात आला नाही. ही अख्याती. अद्वैती म्हणतात, ती चांदी दिसत होती तोवर तिथे उपजलेली होती. तिला आहे म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. ही अनिर्वचनीयख्याती. आणि योगाचार बौद्ध म्हणतात, आतलीच ज्ञानाची आकृती बाहेर असल्यासारखी भासली. ही आत्मख्याती. कीर्तनात दोरी-साप ऐकून मोठ्या झालेल्या माणसाला हे वाद शब्दांचे खेळ वाटण्याची शक्यता आहे. पण रिसीव्हरच्या वॉटरफॉलवर, म्हणजे पडद्यावरच्या सरकत्या आलेखावर, उमटणाऱ्या खोट्या रेषांकडे पाहिले की या पक्षांना वेगवेगळे का व्हावे लागले ते कळू लागते.

सगळ्यात देखणे उदाहरण थेट सॅम्पलिंगचे आहे. एलटीसी२२०८ ही १६ बिटची चिप सेकंदाला १३ कोटी नमुने घेऊ शकते, आणि तिचे प्रवेशद्वार ७०० मेगाहर्ट्झपर्यंत उघडे आहे. तिला १२२.८८ मेगाहर्ट्झचे घड्याळ दिले तर नियमाने ६१.४४ मेगाहर्ट्झपर्यंतचेच बिनचूक मोजता येते. त्यावरचे सगळे कागदाच्या घडीसारखे दुमडून खाली येते. बांधणारा या दोषालाच गुण करतो. १४४ ते १४६ चा पट्टा दुमडून २१.१२ ते २३.१२ वर उतरतो, प्रोग्रॅम त्याला पुन्हा मूळ नाव देतो, आणि मधला मिक्सर, त्याचा ऑसिलेटर, त्यांच्या भानगडी, सगळे वाचते. युक्ती सुंदर आहे. मात्र त्याच घडीत ९९.७६ ते १०१.७६ मेगाहर्ट्झचा एफएमचा तुकडाही नेमका तिथेच येऊन पडतो. १०० दशांश ७ वर गाणे लावणारे केंद्र असेल तर ते १२२.८८ मधून वजा होऊन २२.१८ वर येते, आणि १४५.०६ वर बोलणारा हौशी माणूसही २२.१८ वरच येतो. एफएमचा पट्टा या घडीत उलटा होतो खरा, पण फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशन उलटे झाले तर ध्वनीची लहर फक्त वरची खाली होते आणि कानाला त्याचा पत्ता लागत नाही. गाणे स्वच्छ ऐकू येते. गाणे खरे, गायिका खरी, केंद्र खरे. फक्त ते १४५.०६ वर नाही. नैयायिकाच्या सोनाराची चांदी यापेक्षा नेमकी कुठे सापडणार? तरीही इथे प्रभाकराला शेवटचा शब्द द्यावा लागतो असे मला वाटते. कारण चिपने दिलेल्या आकड्यांत काहीही चुकीचे नाही. दोन्ही लहरींतून निघालेले नमुने तंतोतंत सारखे असू शकतात. आकडे खरे, ‘हा १४५ चा पट्टा’ ही प्रोग्रॅमची समजूत एरवी खरी, मधला भेद तेवढा नमुना घेण्याच्या क्षणी गळून पडला. एकदा गळला की पुढचे कितीही हुशार गणित तो परत आणू शकत नाही.

दुसरी जात याहून विचित्र. आर८२०टी२ हा ट्यूनर आणि आरटीएल२८३२यू ही आठ बिटची चिप, ही जोडी मुळात यूएसबीवर डिजिटल टीव्ही पाहण्यासाठीची. त्यातल्या आरटीएल२८३२यूमधून कच्चे नमुने थेट बाहेर काढता येतात हे २०१२ मध्ये उघड झाले आणि हौशी मंडळींच्या हाती जवळजवळ फुकटात रिसीव्हर आला. या ट्यूनरचा अॅम्प्लिफायर दोन दांडग्या एफएम केंद्रांनी दबला की तो सरळ वागत नाही. दोघांची गुणाबेरीज करू लागतो. १०७.१ ची दुप्पट करून त्यातून ९३.५ वजा केले की १२०.७ उरतात, आणि १२०.७ हा विमानांचा पट्टा. तिथे चरचरणारे काहीतरी दिसते. ते हवेत कुठेही नाही, कोणत्याही दुकानात ती चांदी नाही. पण ते नाहीच असेही म्हणता येत नाही, कारण अॅम्प्लिफायरच्या पुढच्या तारेत ते व्होल्टेज होऊन खरोखर वाहते आहे. ते त्या दाबाच्या क्षणी उपजले आणि दाब गेला की विरेल. अद्वैत्याने ‘सांगता येत नाही’ म्हटले तेव्हा प्रतिपक्षाने त्याला पळवाट म्हणून हिणवले. इथे तेच सगळ्यात काटेकोर वर्णन ठरते.

तिसरी जात आत्मख्यातीची. वर सांगितलेल्या स्वस्त जोडीचे घड्याळ २८.८ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर चालते. पाचाने गुणले की १४४.० येतात, म्हणजे हौशी पट्ट्याचा अगदी उंबरठा. तिथे अँटेना न लावताही एक बारीक रेष उभी असते: रिसीव्हर स्वतःच्याच नाडीचा ठोका ऐकतो आणि तो आकाशातला म्हणून दाखवतो. याच घराण्यातल्या जुन्या ई४००० ट्यूनरमध्ये, तो लहर सरळ शून्यावर उतरवत असल्याने, पडद्याच्या बरोब्बर मध्यावर असाच एक खांब दिसे. १४४.० च्या रेषेची एक गंमत इथेच सांगायला हवी, कारण ती ज्ञानाच्या प्रामाण्याबद्दल बरेच काही सांगून जाते. समजा क्रिस्टल दहा लाखांत वीस भाग चुकते आहे. मग बाहेरून येणारा प्रत्येक खरा सिग्नल १४४ च्या आसपास २.८८ किलोहर्ट्झने सरकलेला दिसेल. आतली रेष मात्र कितीही तापमान बदलले तरी १४४.००० वर ठाम, कारण मोजपट्टी आणि मोजली जाणारी वस्तू एकाच क्रिस्टलची लेकरे आहेत. जे खरे आहे ते किंचित चुकलेले दिसते आणि जे खोटे आहे ते निर्दोष. ज्ञान स्वतःच्या आतल्या सुसंगतीवर प्रमाण ठरते, असे मानणाऱ्याने या रेषेपुढे थोडे थांबावे.

इथून मूळ प्रश्नाकडे वळू. सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांच्या मीमांसक परंपरेत ज्ञान उपजतच प्रमाण असते. ते रद्द करायला साधनाचा दोष कळावा लागतो किंवा नंतरच्या ज्ञानाने त्याचा बाध व्हावा लागतो. नैयायिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते खरेपणाचे ज्ञानही बाहेरूनच मिळवावे लागते. रोजच्या ऐकण्यात आपण सगळे कुमारिलांचे शिष्य असतो, रेष दिसली की मानतो. चिप निवडणारा मात्र त्या शिष्यवृत्तीत राहू शकत नाही. त्याला दोष आधी ठरवायचा आहे, ज्ञान व्हायच्याही आधी. म्हणून त्याने बाधाची सोय पाहावी. आत्मख्यातीचा बाध सोपा: अँटेना काढा, रेष तशीच राहिली तर ती घरचीच. अॅम्प्लिफायरच्या भुताचा बाधही कठीण नाही: पुढे दहा डेसिबलचा अॅटेन्युएटर लावा, खरा सिग्नल दहाने उतरेल, तिसऱ्या क्रमाचे हे भूत तीसने. ट्यूनरच्या प्रतिमा-फ्रीक्वेन्सीमुळे एकच केंद्र दोन जागी दिसत असेल, म्हणजे शास्त्रातला तिमिररोग्याचा द्विचंद्र झाला असेल, तर ऑसिलेटर जरा सरकवा. खरा चंद्र एका बाजूला जातो, खोटा दुसऱ्या. या सगळ्या कसोट्या रिसीव्हर न उघडता होतात. दुमडलेल्या सिग्नलचे तसे नाही. तो अॅटेन्युएटरला खऱ्याइतकाच उतरतो, अँटेना काढली की खऱ्यासारखाच जातो. तिथे एकच उपाय, घड्याळ बदलणे. १२२.८८ ऐवजी १२५ चे घड्याळ दिले आणि प्रोग्रॅमला तसे सांगितले, तर खरा माणूस १४५.०६ वरच राहतो आणि गाणे १४९.३ वर पळते. म्हणजे एलटीसी२२०८ घ्यायला हरकत नाही, पण बोर्डवर दुसऱ्या घड्याळाला जागा न ठेवता आणि १४५ चा चोख बँडपास फिल्टर न लावता ती घेणे म्हणजे भेद गळणार हे ठाऊक असून त्याला गळू देणे. उलट, कमी दर्जाची समजली जाणारी आरटीएल-आर८२०टी२ जोडी पुढे एफएम अडवणारा फिल्टर लावून वापरली तर तिचे बहुतेक खोटे पाच मिनिटांत उघडे पडते. पहिला रिसीव्हर बांधणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी, असे मला वाटते, आणि ते तिच्या किमतीमुळे नव्हे.

यावर पहिला आक्षेप अभियंत्यांचा: एवढा घोळ कशाला, बिट वाढवा. आठ बिटची आदर्श चिप सुमारे ५० डेसिबलचा पल्ला देते, बारा बिटची ७४, सोळा बिटची ९८. पल्ला वाढला की दांडगा आणि दुबळा दोघेही मावतात. आक्षेपात तथ्य आहे. आठ बिटांत दुबळा सिग्नल खरोखर बुडतो, आणि बारा बिटांच्या रिसीव्हरला शहरात जो निवांतपणा असतो तो कल्पनेतला नाही. पण बिट हे नाव आहे, गुण नव्हे. याच सोळा बिटच्या एलटीसी२२०८ च्या डेटाशीटमध्ये गोंगाटाची पातळी ७८ डेसिबलच्या जराशी अलीकडे छापलेली आहे, ९८ वर नाही. त्यात आपण १४५ मेगाहर्ट्झ थेट मोजायला निघालो, तर घड्याळाचा ठोका कधी पडतो यातली अनिश्चितताही मोजावी लागते. ठोका एक पिकोसेकंद इकडेतिकडे झाला तर १४५ मेगाहर्ट्झवर पल्ला ६१ डेसिबलवर येऊन अडतो, म्हणजे सोळा बिटचे पैसे देऊन दहा बिट घरी आणले. आणि हे सगळे जमवून आणले तरी १००.७ चे गाणे १४५.०६ वर येतच राहील, फक्त जास्त स्वच्छ. बिटांनी भ्रम कमी होत नाही. काही भ्रमांचे रूप मात्र त्यांनी अधिक पटण्याजोगे होते.

दुसरा आक्षेप शास्त्राच्या अभ्यासकाचा, आणि तो जास्त वजनदार आहे. चिपला ज्ञान होत नाही. ख्याती ही ज्ञात्याची असते. जड वस्तूत व्होल्टेज उपजले म्हणून त्याला अनिर्वचनीय म्हणणे हा शब्दांचा गैरवापर झाला. शिवाय हे पक्ष एकमेकांचे स्पर्धक होते. प्रत्येकाला सगळ्याच भ्रमांचे एक उत्तर हवे होते, आणि इथे त्यांना एकेक खोली वाटून दिली आहे. पहिल्या भागाचे उत्तर परंपरेतच आहे. काविळीच्या माणसाला पांढरा शंख पिवळा दिसतो तेव्हा दोष पित्ताचा, म्हणजे करणाचा, ज्ञानाच्या साधनाचा. पित्तालाही ज्ञान होत नाही, तरी भ्रमाची जात त्यावरून ठरते. रिसीव्हर हे डोळ्यासारखेच करण आहे, फरक एवढाच की हा डोळा आपण विकत घेतो आणि सोल्डर करतो. दुसरा भाग मात्र मान्य करायला हवा. त्या आचार्यांनी ही वाटणी मानली नसती. पण त्यांच्यापुढे डोळा होता, जो उघडून मध्ये तपासता येत नव्हता. भ्रमाच्या आधीचे आणि नंतरचे एवढेच हाती असल्यामुळे मधल्या घटनेची एकच कथा सांगणे भाग होते. रिसीव्हरमध्ये अँटेना, अॅम्प्लिफायर, मिक्सर, नमुना घेणारा आणि गणित यांच्या मध्ये कुठेही तार कापून पाहता येते. भ्रम कोणत्या पायरीवर शिरला हे दिसले की त्याच्या जाती वेगळ्या निघतात. यातून कोणत्याही पक्षाचा पराभव होत नाही. सगळे भ्रम एका जातीचे, हा त्यांचा समान आग्रह तेवढा पडतो.

घरी बांधण्याला अर्थ येतो तो याच कारणाने. एडी९३६१ सारखी चिप घ्या: ७० मेगाहर्ट्झ ते ६ गिगाहर्ट्झ, बारा बिट, मिक्सर, फिल्टर, कन्व्हर्टर सगळे एका कवचात. ती स्वतःच्या मध्यावरचा खांबही स्वतःच पुसते. सोय मोठी, पण मध्यावर एखादा खरा स्थिर वाहक आला तर तोही पुसला जातो, आणि पुसला हे कळत नाही. शिवाय तिचा मिक्सर चौकोनी लहरीने चालत असल्याने तिपटीचेही ऐकतो. १४५ ला तीनने गुणले की ४३५, म्हणजे हौशींचाच दुसरा पट्टा. बाहेर फिल्टर नसेल तर वरच्या मजल्यावरचे बोलणे खालच्या खोलीत येते. तिची धाकटी बहीण एडी९३६३ हिची कथा तर शब्दप्रमाणाच्या पाठात घालण्यासारखी आहे. निर्माता हमी देतो ती ३२५ मेगाहर्ट्झ ते ३.८ गिगाहर्ट्झची; पण प्लूटो नावाच्या शिकाऊ रेडिओतल्या याच चिपला सॉफ्टवेअरमधून ‘तू एडी९३६४’ असे सांगितले की ती ७० मेगाहर्ट्झपर्यंत खाली येते आणि व्हीएचएफ ऐकू लागते. मग डेटाशीट खोटे होते का? नाही. आप्तवाक्याने ‘इथवर मी जबाबदार’ एवढेच म्हटले होते, ‘याखाली काही नाही’ असे नव्हे. पण हमीच्या बाहेर गेल्यावर कसोटीचे ओझे पुरते आपल्या खांद्यावर येते, आणि जेवढे आत एकवटलेले तेवढी ती कसोटी अवघड.

तिसरा आक्षेप जुनाच, अनवस्थेचा. रेष खरी का हे अॅटेन्युएटरने तपासायचे, अॅटेन्युएटर बरोबर का हे सिग्नल जनरेटरने, जनरेटर कशाने? मीमांसकांनी नैयायिकांना हेच विचारले होते. नैयायिकांचे उत्तर इथे पुरते: प्रत्येक ज्ञानाला साक्षीदार लागत नाही, संशय आलेल्यालाच लागतो; आणि कृती सफळ झाली की संशय थांबतो. १४५.८ वर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा आवाज, स्थानक क्षितिजावर येण्याच्या वेळेलाच आला, आणि ते जवळ येताना थोडा वर, दूर जाताना थोडा खाली सरकला, तर त्यापुढे साक्ष मागणे हा तर्क नव्हे, हट्ट आहे. कोणतेही आतले भूत कक्षेचे गणित पाठ करत नाही.

राहते ते शांततेचे प्रकरण, आणि माझ्या मते चिपची खरी परीक्षा तिथेच होते. वॉटरफॉलवर काही दिसत नाही म्हणजे हवेत काही नाही, असे म्हणता येते का? भाट्ट मीमांसक आणि अद्वैती अनुपलब्धीला स्वतंत्र प्रमाण मानतात, पण एका अटीवर: वस्तू असती तर दिसली असती, इतकी परिस्थिती योग्य हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, यावरून घडा नाही असे ठरत नाही. १२.५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात उष्णतेचा गोंगाटच उणे १३३ डीबीएमच्या आसपास असतो. आर८२०टीच्या डेटाशीटमधले त्याच्या स्वतःच्या गोंगाटाचे साडेतीन डेसिबल त्यात मिळवले तरी खोली बरीच उजळ आहे असे कागदावर वाटते. पण शेजारचे एफएम केंद्र जोरात असेल आणि चिपने आपणहून गेन खाली ओढला असेल, तर खोलीत कधी अंधार झाला हे पडदा सांगत नाही. तो तसाच निळा, शांत. खोट्या रेषेला निदान बाध करता येतो, न दिसलेल्या रेषेला बाध कशाने करणार? म्हणून गेन हाताने बांधून ठेवू देणारी चिप आपोआप जुळवून घेणाऱ्या चिपपेक्षा मला प्रामाणिक वाटते. आणि बोर्ड आखताना अँटेनाच्या जोडाजवळ आणखी एक छोटा जोड ठेवावा, ज्यातून ठाऊक असलेला, मुद्दाम दुबळा केलेला एक सूर आत सोडता येईल. तो सूर पडद्यावर दिसत असताना बाकीचा पट्टा रिकामा असेल, तर त्या रिकामेपणाला तेवढ्या पातळीपर्यंत अर्थ आहे. सूर दिसेनासा झाला, तर त्या वेळची शांतता वहीत लिहू नये.